डार्टमूरचा माळ आणि घरचे जाते

(मंडळाच्या मासिक सभेत आम्ही उभयतांनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



आम्हा दोघांना मिळून एकच भाषण करायला सांगितले, यात मंडळाची काटकसर आहे की आमच्यावरचा अविश्वास, ते अजून कळलेले नाही. एकजण अडला की दुसऱ्याने सावरायचे असे ठरवून आलो आहोत. घरी आम्ही एकमेकांना मधेच तोडतो, ते इथे होणार नाही अशी आशा आहे.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात एक्झेटरला असतो. त्याच्याकडे आम्ही तीन महिने राहून आलो. ‘परदेशवारीचे अनुभव’ असा विषय सचिवांनी सुचवला होता. तो आम्ही नाकारला. लंडनचा पूल आणि राजवाडा आता सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. आम्ही बोलणार आहोत ते एक्झेटरच्या पश्चिमेला पसरलेल्या एका ओसाड माळाबद्दल. त्याचे नाव डार्टमूर.

‘मूर’ला मराठीत काय म्हणावे यावर आमचा पहिलाच वाद झाला. माळ म्हटले की आपल्याला कोरडे, तापलेले रान आठवते. पठार हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द. सगळ्यांत जवळचा वाटला तो आपला सडा. आंबोलीचा, चोर्ल्याचा सडा पावसाळ्यात पाहिला असेल त्याला मूर निम्मे कळले. उघडा खडक, त्यावर जेमतेम माती, पायाखाली पचपच पाणी, झाड म्हणाल तर नाही आणि फुले म्हणाल तर पायात येतील एवढी. फरक इतकाच की आपला सडा जांभ्या दगडाचा, त्यांचा ग्रॅनाइटचा, आणि आपला मार्चपर्यंत करपतो, त्यांचा बारा महिने ओला.

डार्टमूरचे राष्ट्रीय उद्यान सुमारे ९५४ चौरस किलोमीटरचे आहे. १९५१ मध्ये ते झाले. त्यातले सर्वांत उंच ठिकाण ६२१ मीटर. हे ऐकून आम्ही मुलाला म्हटले, अरे, आपले बेळगाव याच्याहून शंभरावर मीटर उंच बसले आहे! पण उंची फसवी असते. अटलांटिकवरून येणारा वारा अडवणारे मध्ये काहीच नाही. प्रिन्सटाउन या गावी वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीकर हसतील, त्यांच्याकडे एकट्या जुलैत एवढा पडून जातो. परंतु तिथला पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही. तो हवेत राहतो. त्याचे धुके होते.

या माळावर जागोजाग ग्रॅनाइटचे ढीग उभे आहेत, एकावर एक भाकऱ्या रचाव्यात तसे. त्यांना ‘टॉर’ म्हणतात. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली थिजलेला हा खडक वरचे थर झिजून उघडा पडला आहे. हे झाले भूगर्भशास्त्र. तिथल्या लोकांचे शास्त्र निराळे. एक शिकारी होता, बोअरमन नावाचा. शिकारीच्या नादात तो आपले कुत्रे घेऊन चेटकिणींच्या बैठकीतून बेधडक दौडत गेला. त्यांनी त्याचा दगड केला आणि कुत्र्यांचेही दगड केले. तो शिकारी आजही एका टेकडीवर नाक वर करून उभा आहे आणि त्याचे कुत्रे म्हणजे जवळचा हाउंड टॉर. वरातीची वरात दगड झाल्याच्या गोष्टी आपल्याकडे डोंगराडोंगरांवर आहेत, त्यामुळे आम्हाला हे नवीन वाटले नाही. ओळखीचे वाटले.

आणखी एक ओळख निघाली. ओलसर पीटच्या जागेत, लालसर केसांवर दवाचे थेंब मिरवणारी एक बारीकशी वनस्पती असते. ते थेंब चिकट असतात, किडा बसला की संपला. हिची भावंडे कासच्या पठारावर आहेत. जमिनीत अन्न नाही म्हणून किडे खाऊन जगायचे, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच. आपल्या सड्यावर हिच्या शेजारी निळ्या फुलांचे ताटवे असतात. तीही कीटकभक्षीच, पण आपल्या लोकांनी तिला सीतेची आसवे म्हटले. ओसाड जागा पाहिली की माणसाला तिथे कोणीतरी रडून गेल्यासारखे वाटतेच.

आता चकव्याची गोष्ट. आमच्या लहानपणी रानात चकवा लागतो असे सांगत. माणूस फिरून फिरून त्याच झाडाशी येतो, वाट समोर असून दिसत नाही. डार्टमूरमध्ये हेच काम पिक्सी करतात. पिक्सी म्हणजे वीतभर उंचीची, खोडकर, माळावर राहणारी माणसे. त्यांनी वाट चुकवली तर उपाय असा, की अंगातला कोट काढून उलटा करून घालायचा. आम्हाला तो उपाय करून पाहण्याची संधी मिळाली. ऑगस्टचा दिवस, सगळा माळ हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरलेला, स्वच्छ ऊन. अर्ध्या तासात धुके आले आणि आम्ही एका दगडी भिंतीच्या मोडक्या कोपऱ्याशी तीनदा परत आलो. तिसऱ्या वेळी दोघांनीही, एकमेकांकडे न बघता, रेनकोट उलटे केले. धुके गेले नाही. अस्तर तेवढे भिजले. मग भिंत धरून चालत राहिलो आणि तासाभराने रस्त्याला लागलो. मुलगा म्हणाला, “बाबा, फोनवर नकाशा होता की.” होता. पण त्या वेळी फोनची आठवण आम्हा दोघांनाही झाली नव्हती, याला चकवा म्हणायचे नाही तर काय?

शेरलॉक होम्सची ‘बास्करव्हिलचा कुत्रा’ ही गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. ती याच माळावरची. आर्थर कॉनन डॉयल १९०१ मध्ये प्रिन्सटाउनच्या हॉटेलात उतरला होता. कल्पना त्याला दिली ती त्याच्या एका पत्रकार मित्राने, फ्लेचर रॉबिन्सनने, आणि बास्करव्हिल हे आडनाव मिळाले ते त्या मित्राच्या गाडीवानाकडून. मूळ दंतकथा बकफास्टली गावच्या रिचर्ड कॅबेल या जमीनदाराची. हा १६७७ मध्ये मेला. इतका दुष्ट, की मेल्यावर काळे कुत्रे त्याला न्यायला आले म्हणतात. तो पुन्हा उठू नये म्हणून थडग्यावर जड दगड आणि भोवती गजांची खोलीच बांधलेली आहे. ती आम्ही पाहिली. भीती वाटली नाही, थोडी कीव आली.

अशा जागी लिहिणारे आणि चित्रे काढणारे का येतात, हा प्रश्न आम्ही पुष्कळदा बोललो. अगाथा ख्रिस्तीने आपली पहिली रहस्यकथा १९१६ मध्ये हेटॉरजवळच्या हॉटेलात राहून पुरी केली. दिवसभर माळावर भटकायचे, पात्रांचे संवाद स्वतःशी मोठ्याने म्हणायचे आणि मग लिहायचे. कवी टेड ह्यूज माळाच्या उत्तरेला नॉर्थ टॉटन गावी राहिला. त्याच्या नावाचा एक ग्रॅनाइटचा दगड आत खोल माळावर, रस्त्यापासून दूर ठेवला आहे. ब्रायन फ्राउड आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची चित्रे काढणारे ॲलन ली हे चित्रकार चॅगफर्ड गावच्या आसपास स्थायिक झाले. दोघांचे पऱ्यांवरचे पुस्तक १९७८ चे. शेवाळाने मढलेले खडक आणि त्यांतून वेडीवाकडी उगवलेली खुजी ओकची झाडे असलेले विस्टमन्स वुड नावाचे एक रान तिथे आहे. ते बाहेरून पाहिले की त्यांच्या चित्रांतल्या मुळ्या आणि बोटे कुठून आली ते कळते. बाहेरूनच पाहायचे, कारण लोकांच्या पायांनी शेवाळ मरते, म्हणून आत जाऊ नका अशी विनंती केलेली आहे.

परंतु हा माळ म्हणजे माणसाचा हात न लागलेला निसर्ग, असे मानू नका. हजारो वर्षांपूर्वी इथे झाडी होती. ती माणसांनी तोडली. ग्रिम्सपाउंड इथे दगडी कोटाच्या आत चोवीस झोपड्यांची वर्तुळे अजून दिसतात, ती कांस्ययुगातली. पुढे कथिलाच्या खाणी आल्या. हेटॉरच्या खाणीतला दगड उतरवायला १८२० मध्ये रूळ टाकले तेही ग्रॅनाइटचेच. त्या दगडाचा लंडनचा पूल झाला. तो पूल नंतर अमेरिकेला विकला गेला, म्हणजे डार्टमूरचा दगड आता ॲरिझोनाच्या उन्हात आहे. आणि ज्यांना आपण रानटी घोडे समजतो, त्या प्रत्येक तट्टाला मालक असतो. गावकऱ्यांचे चराईचे हक्क आहेत, आणि शरद ऋतूत सगळी तट्टे हाकून गोळा करतात. गुरे चरतात म्हणून माळ माळ राहिला आहे.

याच हक्कांवरून तिथे नुकताच मोठा खटला झाला. १९८५ च्या कायद्याने लोकांना त्या सार्वजनिक चराईच्या माळावर ‘मोकळ्या हवेतील विरंगुळ्यासाठी’ जायला मुभा आहे. पाठीवर लहान तंबू घेऊन जायचे, एक रात्र झोपायचे, सकाळी मागे काही न ठेवता निघायचे, ही तिथली जुनी रीत. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ठरवले की तंबूत झोपणे हा विरंगुळा नव्हे. मग हजारो माणसे माळावर चालत गेली. आणि त्यांनी बरोबर कोणाला नेले होते? ओल्ड क्रॉकर्नला. हा त्या माळाचा राखणदार. दगडी कपाळाचा. त्याची गोष्ट अशी, की एक पैसेवाला माळ नांगरून शेती करायला आला, तेव्हा क्रॉकर्नने निरोप धाडला: तू माझी पाठ खरवडलीस तर मी तुझा खिसा फाडीन. आणि तो शेतकरी खरेच भिकेला लागला. लोकांनी त्याचा मोठा पुतळा करून मिरवणुकीत नाचवला. जुलै २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तंबूवाल्यांच्या बाजूने शिक्कामोर्तब केले. राखणदाराला नारळ देणाऱ्या आमच्या गावात वाढलेल्यांना यात अंधश्रद्धा दिसेना. जमीन कोणाची, या प्रश्नाला कायद्याच्या आधीपासून असलेले ते उत्तर होते.

एका जागेबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हाउंड टॉरजवळ रस्त्याच्या कडेला एक छोटे थडगे आहे. किटी जे नावाची अनाथ मुलगी. अनाथालयातून शेतावर कामाला आली. तिला दिवस गेले, तिने गोठ्यात गळफास घेतला. आत्महत्या केलेल्याला तेव्हा चर्चच्या आवारात जागा नसे. गावांच्या शिवेवर, चौरस्त्यात पुरत. १८६० मध्ये रस्त्याच्या कामात हाडे सापडली आणि एका भल्या माणसाने ती नीट पुरली. तेव्हापासूनची म्हणतात ती गोष्ट एवढीच: त्या थडग्यावर रोज ताजी फुले असतात. कोण ठेवते ते कोणी पाहिलेले नाही. जॉन गॉल्सवर्दी जवळच्याच मॅनटन गावी राहत असे. त्याच्या ‘द ॲपल ट्री’ या १९१६ च्या कथेमागे हे थडगे आहे. आम्ही गेलो तेव्हा झेंडूसारखी पिवळी फुले होती, काही नाणी होती, एक लहान मुलाचे खेळणे होते. ते खेळणे पाहून आमच्यातली एकजण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, गौरीचे दिवस आलेत, हिची कोणी ओटी भरली नसेल. पिशवीत बदामांची पुडी होती. त्यातले पाच ठेवून आलो.

आता ज्याच्यासाठी हे सगळे सांगत होतो, त्याकडे येतो.

सबाइन बॅरिंग-गूल्ड नावाचे एक पाद्री होते. लू ट्रेंचर्ड हे त्यांचे गाव. माणूस अचाट. कादंबऱ्या लिहिल्या, लांडगामाणसांवर पुस्तक लिहिले, ग्रिम्सपाउंड खणले. १८८८ मध्ये एका मेजवानीत जुन्या गाण्यांचा विषय निघाला, ही गाणी म्हाताऱ्यांबरोबर जातील, असे कोणी म्हणाले. त्या वेळी त्यांचे वय चोपन्न. त्यांनी पुढची काही वर्षे डेव्हन-कॉर्नवॉल पालथे घातले. बरोबर स्वरलेखन करणारे दोन संगीतज्ञ. गाणारे कोण? दगडफोड्ये, कुंपण घालणारे मजूर, गिरणीवाले. खानावळीच्या शेकोटीपाशी बसून शेकडो गाणी उतरवून घेतली. छापताना त्यांनी काही गाण्यांचे शब्द बदलले, व्हिक्टोरियन घरांत चालणार नाहीत म्हणून. हे आम्हाला पटले नाही. पण मूळ शब्दांची वही त्यांनी जाळली नाही, जपून ठेवली, त्यामुळे ती आज वाचता येते. तेवढ्यासाठी त्यांना माफ करायला हवे.

त्यांना एक म्हातारी भेटली, सॅली सॅटर्ली. हक्कबी पुलाजवळ राहायची. तिचे घरच एक लोककथा आहे. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात माळावर घर उभे करून चूल पेटवली तर ती जागा आपली, असा तिकडे समज होता. बडे शेतकरी जत्रेला गेलेले पाहून तिच्या बापाने शेजाऱ्यांच्या मदतीने १८३५ मध्ये एका दिवसात ते बांधले. ते अजून उभे आहे. तर या सॅलीला गाणी पुष्कळ येत. पण तिला खुर्चीवर बसवून ‘म्हणा’ म्हटले की काही येईना. ती म्हणाली, मला काम करतानाच गाता येते. मग ती चूल पेटवते आहे, कोंबड्यांना दाणे टाकते आहे, आणि हे विद्वान वही घेऊन तिच्या मागे मागे धावताहेत.

मुलाच्या घरी रात्री हे वाचले आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो.

आमच्या घरी आई होत्या. आमच्यातल्या एकाची आई, एकीच्या सासूबाई. वय सत्त्याऐंशी. खानापूर तालुक्यातल्या रानाकडच्या गावात त्यांचे माहेर. त्यांना किती ओव्या येत होत्या याची मोजदाद नाही. अस्वलाच्या, पुराच्या, सडे ओलांडून सासरी आलेल्या पोरींच्या. इंग्लंडला निघण्याआधी नातवाला ऐकवायला म्हणून आम्ही त्यांना दिवाणखान्यात खुर्चीवर बसवले, पंखा बंद केला, मोबाइल समोर धरला. दोन ओळी झाल्या आणि त्या थांबल्या. पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबल्या. “गेलं सगळं,” असे म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही समजूत घातली. वयोमानाप्रमाणे विसरायला होते, असे आम्ही म्हणालो. डॉक्टरांनाही तेच सांगितले. त्या विसरल्या नव्हत्या. आम्ही त्यांना चुकीच्या जागी बसवले होते.

परत आल्यावर पहिले काम जाते शोधण्याचे केले. ते मागच्या अंगणात होते. त्याच्या एका तळीवर तुळशीची कुंडी, दुसरी धुण्याच्या दगडाशेजारी. खुंटा कधीच गेलेला. सुताराकडून नवा करून घेतला. त्याने विचारले, शोभेला ठेवणार का? चांगले टाकी लावणारे आता मिळत नाहीत, पण एक म्हातारे टाकीवाले दोन दिवसांनी येऊन टाकी लावून गेले.

सकाळी सहाला आईंना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसवले. पाठीला उशी. मोबाइल पदराआड, भांड्यांच्या फळीवर. त्यांनी खुंट्याला हात लावला आणि काढून घेतला. “रिकामं जातं फिरवू नये,” म्हणाल्या. आमच्या हे ध्यानातच आले नव्हते. घरात पीठ पाकिटातले. डबे धुंडाळले तेव्हा एका बरणीत पक्ष्यांसाठी आणलेले जोंधळे निघाले, शेर-दीड शेर. ते सुपात घेतले. समोरून सुनेने, म्हणजे आमच्यातल्या एकीने, खुंटा धरला. पहिला घास टाकला, जात्याचा आवाज सुरू झाला, आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला त्या गाऊ लागल्या. मध्ये श्वास लागला की आवाज थांबे, हात थांबत नव्हता. आम्ही कधीच न ऐकलेल्या ओव्या त्यात होत्या. एकीत त्यांच्या लहानपणी वारलेल्या बहिणीचे नाव आले. त्या बहिणीबद्दल पन्नास वर्षांत घरात कोणी बोलले नव्हते.

सुपातले जोंधळे संपले तशा त्या थांबल्या. उरलेल्या उद्या, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला आणि नंतर जमिनीवर बसणे झाले नाही. फाल्गुनात त्या गेल्या.

ते रेकॉर्डिंग बेचाळीस मिनिटांचे आहे. घरात तेवढेच जोंधळे होते.